दोन लेकरांचं एक पाणी

कीव नको मला. कीव करणाऱ्या बायका मी चांगल्या ओळखून आहे. आधी गालाला हात लावतात आणि मग त्याच हाताने दार लावून घेतात.

आमच्या चर्चच्या अध्यक्षीणबाई त्यातल्या एक नंबरच्या. महिला मंडळ त्यांचं, हॉलमधलं पाळणाघर त्यांचं, आणि देवसुद्धा बहुतेक त्यांना विचारूनच उठतो-बसतो. मी लग्नाशिवाय आई झाले. ज्याच्यामुळे झाले त्याने पोबारा केला. पळाला तो, आणि तोंड लपवायचं मी? हा कुठला न्याय हो?

मी लाँड्रीत इस्त्री करते. माझा बोक्या टेबलाखाली कपड्यांच्या टोपलीत झोपायचा. बोक्या हे आपलं लाडाचं, खरं नाव बाप्तिस्म्याला द्यायचं राहिलं होतं. हल्ली तो रांगायला लागला आणि एके दिवशी सरळ वाफेच्या नळीपाशी जाऊन बसला. मालक ओरडला, "सोमवारपासून पोर इथे दिसलं, तर तूही दिसू नकोस!" त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या नळीने माझेच हात भाजलेत. घरी बाबा आहेत, पण त्यांचे हात एवढे थरथरतात की अर्धा चहा बशीत सांडतो. रांगतं पोर त्यांच्या जिवावर कसं टाकायचं?

म्हणजे पाळणाघराशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि पाळणाघराचा नियम असा, की ज्या लेकरासाठी मंडळी उभी राहिली त्यालाच तिथे जागा. आमच्याकडे रविवारी बाप्तिस्मा झाला की पाळकसाहेब मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, विचारतात, "या लेकराला सांभाळाल का?" सगळे उठून उभे राहतात आणि म्हणतात, "सांभाळू." उभं राहिलं म्हणजे शब्द दिला. पाळणाघर त्याच शब्दावर चालतं.

मी बोक्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या बाप्तिस्म्याचं विचारायला चर्चच्या कार्यालयात गेले. पाळकसाहेब होते, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत अर्थात बाई होत्या. भिंतीवर आई आणि बाळाचं मोठं चित्र होतं, स्वच्छ पुसलेलं. त्या आईलाही बाळंतपणाला कोणी जागा दिली नव्हती. पण ती गोष्ट बाईंना फक्त भिंतीवर आवडायची.

"बुधवारी सकाळी ये," बाई म्हणाल्या. "हे प्रकरण इथेच कार्यालयात उरकून टाकू."

प्रकरण! बोक्या त्यांच्या टेबलावरची घंटी चाटत होता.

"आणि मंडळी?"

"मंडळी कशाला? तुलाच अवघडल्यासारखं होईल गं."

"मला काही होत नाही. मंडळी उभी राहिली नाही तर पाळणाघरात याला जागा कशी मिळणार?"

"ते बघू नंतर. बाकीच्या आयांचाही विचार करावा लागतो ना. तुला जुने कपडे देऊ, दुधाची पावडर देऊ. आमच्या मनात दया नाही असं नाही."

"पावडर राहू दे. या रविवारी करा."

"या रविवारी जमणार नाही."

"का?"

"नाही जमणार म्हटलं ना."

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते चष्म्याची काच पुसत होते. चांगली स्वच्छ काच होती. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले. माणूस वाईट नाही, पण बाईंपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बोक्याला उचलून मी बाहेर आले.

आणि बघा, नशीबही कसं वाकड्या वाटेने येतं! दुसऱ्याच दिवशी बाई लाँड्रीत हजर. मी पडद्यामागे इस्त्रीच्या टेबलाशी, त्या पुढे मालकाशी बोलत होत्या. कपडे वर्षानुवर्षं त्या आमच्याकडेच टाकतात. पण पडद्यामागे इस्त्री कोण करतं, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. त्यांच्या लेखी कपडे आपोआपच चापूनचोपून होतात.

"जपून करा हं," त्या म्हणत होत्या, "रविवारी आमच्या नातीचा बाप्तिस्मा आहे. सगळी मंडळी येणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी जमत नाही काय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

मालकाने डबा आत सरकवला. पांढरा इवलासा झगा, छातीवर बारीक चुण्या, बाह्यांना लेस. खोटं कशाला बोलू, एक क्षण इस्त्री हातात जड झाली. जरा जास्त वेळ टेकवली असती तर लेस गेली असती. पण त्या लेकराने माझं काय घोडं मारलं होतं? लेसवर ओला कपडा घातला, बाह्या आतून दाबल्या, एकेक चुणी बोटाने बसवली. आणि शिल्लक गरम इस्त्रीवर बोक्याचा पांढरा सदराही करून घेतला.

रात्री बाबांना सांगितलं. पोटुशी राहिल्याचं कळल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. हातातली काठी त्यांनी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "कोणी उठो न उठो, मी उठेन."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पुढे पाण्याचं दगडी कुंड, त्याच्यापाशी बाईंची सून लेक घेऊन उभी, झगा माझ्या हातचा. पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याला सुरुवात केली तशी मी मागच्या बाकावरून उठले, मधल्या वाटेने चालत गेले आणि बोक्याला घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

कुजबुज उठली. बाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "पाळकसाहेब, हे ठरलेलं नव्हतं."

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. मी म्हटलं, "साहेब, मागे जा म्हणालात तर जाते. पण ते इथेच म्हणा, या पाण्यापाशी, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. तेवढ्यात बाईंच्या सुनेने एक पाऊल बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "इकडे सरक. पाणी या बाजूने घालतात."

एवढंच. मी सरकले.

साहेबांनी चष्मा नाकावर ठेवला आणि दोन्ही लेकरांच्या डोक्यावर पाणी घातलं. आधी तिच्या लेकीच्या, मग माझ्या बोक्याच्या. बोक्याचं खरं नाव मी सांगितलं तसं त्यांनी मोठ्याने घेतलं, आडनावासकट. आडनाव माझं. नात झोपेतच राहिली, आणि बोक्याने असा भोंगा पसरला की खिडकीवरचं कबुतर उडालं.

"आता प्रश्न वेगवेगळे विचारा," बाई म्हणाल्या. "एकेका लेकराचा."

लबाडी कळली ना? नातीसाठी सगळे उठणार, आणि माझ्यासाठी सगळे बसणार.

साहेब त्यांच्याकडे वळले. एवढी वर्षं चर्चला येतेय, त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "बाई, कुंडात पाणी एकदाच भरलंय. प्रश्नही एकदाच विचारला जाईल." मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "या लेकरांना सांभाळाल का?"

कोणी उठेना. मागच्या बाकावर काठी वाजली, बाबा उभे राहिले. काठीसकट थरथरत होते. बाकी सगळे बाईंकडे बघत बसले. बाई समोर बघत बसल्या.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई," ती म्हणाली, "उठा ना. माझ्या लेकीला कोणीच नाही का?"

बाईंनी नातीकडे बघितलं. मग सगळ्या बसलेल्या माणसांकडे मान वळवून बघितलं. भरल्या चर्चमध्ये लेकरू घेऊन उभं राहायचं आणि एकाही माणसाने उठायचं नाही, हे कसं लागतं ते तेव्हा त्यांना कळलं असावं. मला तर कार्यालयातच कळलं होतं.

त्या उठल्या. मग बाकांचा करकर आवाज झाला आणि सगळे उठले.

"सांभाळू," कोणीतरी पुटपुटलं.

"ऐकू आलं नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"सांभाळू!"

सोमवारी सकाळी मी पाळणाघराच्या दारात. दार बाईंनीच उघडलं. मला वाटलं होतं, रात्रीतून मन थोडं विरघळलं असेल. छे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"आत घेते," त्या म्हणाल्या, "पण उपकार समज."

"उपकार नको. तुम्ही उभ्या राहिला होतात."

त्यांनी मान फिरवली. पण हात पुढे आले. बोक्या हा असला निर्लज्ज, आनंदाने त्यांच्याकडे झेपावला आणि त्यांचं नाक धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं. आतून मदतनीस बाईने विचारलं, "कोण आलं? हजेरीत काय लिहू?"

मी पायरीवरच थांबले. कामाला उशीर होत होता, मालक ओरडणार होता, तरी थांबले. प्रकरण म्हणतात का, हिचं पोर म्हणतात, की आणखी काही, ते ऐकल्याशिवाय मी हलणार नव्हते.

बाईंनी माझ्याकडे पाठ केली आणि त्याचं नाव सांगितलं. माझ्या आडनावासकट.