पाव्हणं कुठलं म्हणायचं?

"पाव्हणं कुठलं म्हणायचं तुमचं?" घरमालकीण साखरबाईंनी खालून विचारलं.

मी न्हाणीघरात स्टुलावर उभा होतो. दातांत टेस्टर, हातात गीझरची उघडी वायर. दातांत टेस्टर असला की माणसाला बोलता येत नाही, हा टेस्टरचा मोठाच उपकार. मी नुसता हुंकार दिला. मग टेस्टर काढून म्हणालो, "मावशी, मेन स्विच बंद करता का जरा?"

मावशी गेल्या. प्रश्न गेला नाही. असला प्रश्न चपला काढून दाराशी बसून राहतो.

मी सोमनाथ मोरे, वायरमन. बारा वर्षं इंदापुरात लोकांच्या भिंतींतून वायरी ओढतोय. माझी बायको अंजली नर्स आहे. इतकी वर्षं कंत्राटावर होती, आता बारामतीच्या एका दवाखान्यात कायमची लागली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिच्या पाळ्या, पहिलीत जाणारी लेक मेघना, आईचे गुडघे. अंजलीने रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर पोर उठायच्या आत ती बाहेर आणि पोर झोपल्यावर घरात. म्हणून त्याआधी बारामतीत बिऱ्हाड हलवायचं होतं. दोन खोल्या, नळाला पाणी आणि आमच्या ऐपतीतलं भाडं. यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

नऊ घरं पाहिली. त्यात एक गोष्ट पाठ झाली. जात कोणी विचारत नाही, लोक फार सुधारलेत. आधी आडनाव विचारतात. मोरे म्हटलं की त्यांची पंचाईत होते, कारण मोरे त्यांच्यातही असतात आणि आमच्यातही. मग गाव विचारतात. मग हळूच येतं, "पाव्हणं कुठलं?" बहीण कुणाकडे दिली, मामा कोण, मेहुणा कोण. दोन पाहुण्यांत काम फत्ते. मग कुणाचा भाचा अचानक पुण्याहून राहायला येणार असतो, कुणाला घर विकायचं आठवतं. नऊ घरांत मला चार भाचे भेटले. एका रिटायर मास्तरांनी भिंतीला ओल आहे असं सांगितलं. मी हात लावून पाहिला, भिंत खडखडीत कोरडी. अहो, खोटं बोलायचं तर निदान तांब्याभर पाणी तरी मारून ठेवा! मला किळस येते या लोकांची. तोंडावर शिवी दिली असती तर परत देता आली असती. या गोड बोलण्याचं काय करायचं?

शेवटी शंभूराज एजंटाने कानमंत्र दिला. "सोमनाथराव, खोटं बोलू नगा. निस्तं खरं बोलू नगा. मोरे सांगायचं आन गप ऱ्हायचं. पाव्हणं इचारलं तर लांब असत्यात म्हनायचं. आन ते भितीवरचं फोटू हायेत न्हवं, ते सामान लावताना शेवटाला काढा. चार म्हैनं गेलं की कोन इचारतंय?"

मला त्याचीही किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण मी त्याचं ऐकलं. आई दळण आणायला गेलेली पाहून भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब उतरवले, जुन्या वाकळेत गुंडाळले आणि ट्रंकेच्या तळाशी घातले. आईला सांगितलं की सामान बांधायला घेतलंय.

साखरबाईंचं हे घर दहावं. त्यांनी मागच्या आठवड्यात "मोरे व्हय? मग आपलंच की," असं स्वतःच ठरवून टाकलं आणि मी ते खोडलं नाही. येत्या रविवारचा टेम्पो ठरला. फक्त गीझरला शॉक लागत होता. उघडून पाहिलं तर अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येऊन थांबलेली, जमिनीत कुठेच गेलेली नाही. म्हटलं, आपल्यालाच राहायचंय, आपणच करू. म्हणून आज सामान घेऊन आलो होतो. आईलाही आणलं होतं, तिने घर पाहावं म्हणून. एसटीने अंग आंबलं म्हणून ती पुढच्या पडवीत टेकली होती.

मेन स्विच बंद झाला. न्हाणीघराच्या खिडकीतून पडवीतलं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"च्या टाकलाय आक्का, बसा," साखरबाई म्हणाल्या. "तुमचं ल्योक लई मुकं हायेत बाई. तुमी तरी सांगा, पाव्हणं कुठलं तुमचं?"

माझ्या हातातली पक्कड थांबली.

आईला कुणी पाहुण्यांबद्दल विचारलं की तिचा चेहरा कसा खुलतो, ते मला न बघताही दिसलं. "आमचं व्हय? म्हायार माजं वडगाव निंबाळकर. कांबळ्याची मी. थोरली लेक सोमेश्वरनगरला दिलीया, सोनवण्यात. जावय कारखान्यात हाय. धाकटी वालचंदनगरला. भाचा पुन्यात इंजिनेर हाय, बुद्धघोष नाव त्याचं. आन चवदा एप्रिलला समदी भावकी आमच्याकडंच जेवायला असती बगा."

मग गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. चहा उकळला नव्हता.

साखरबाई न्हाणीघराच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या पलीकडेच थांबल्या. "अवो, तुमाला एक सांगायचं ऱ्हायलंच की. माजा भाचा यायचा म्हनतोय, पुन्यास्नं."

पाचवा.

"मी तसलं काय मानत न्हाय बरं का," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांचं समदं दोस्त तुमच्यातलंच हुतं. पर शेजारपाजारचं बगावं लागतंय."

मी 'तसलं' काही बोललोच नव्हतो. "बरं," म्हणालो आणि हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

"आन तेवढं ते वायरीचं पुरं करून जावा की," त्या म्हणाल्या. "लोंबतीया ती. उद्या लेकराबाळाला शॉक बसायचा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांना खरंच त्यात काही वाटलं नव्हतं! एवढी निर्मळ बेशरमी मी आजवर पाहिली नव्हती. वायर माझी होती. ओढून, गुंडाळून न्यायला दोन मिनिटं लागली असती. तसं करायला हातही उचलला. पण भाचाबिचा कुणी येणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. येणार होतं दुसरंच कुठलं तरी बिऱ्हाड, आणि त्यातलं एखादं पोर इथे ओल्या अंगाने उभं राहणार होतं.

मागच्या अंगणात अर्थिंगचा पाइप ठोकला. कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं, वायर आवळली. मेन स्विच चालू करून गीझरला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"झालं मावशी," मी म्हणालो. "भाच्याला म्हनावं, आता बिनघोर आंघोळ कर."

एसटीत आईला खिडकीजवळ बसवलं. लासुर्णे येईपर्यंत मी दम धरला. मग राहवलं नाही. "आये, येवढं समदं सांगायची काय गरज हुती?"

"तिनं इचारलं."

"ती का इचारतीया, ते कळलं न्हाय तुला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "सोमा, सत्तर वरसं ह्यो सवाल ऐकतीया मी. मला कळत न्हाय व्हय? ट्रंक सरकवाय गेले तवा जड लागली. उघडून बगितली. वाकळंला काच कवापास्नं आली, म्हनलं."

माझी मान खाली गेली.

"घर घ्यायचं कशापायी?" ती म्हणाली. "पाव्हणं यावं म्हून. ज्या घरात पाव्हण्याचं नाव सांगायची चोरी, तितं पाव्हणं यायचं कसं? थोरली आली तर तिला काय मुकी करून बसवू?"

"आन अंजली? मेघनाचं काय?"

निमगाव केतकीला माणसं उतरली, नवी चढली. "त्येचं वाईट वाटतंयच रं," ती म्हणाली. "साळंत मी सोडीन तिला. गुडघं काय, दुखत्यातच."

घरी अंजली बांधलेल्या बोचक्यांमध्ये बसून वाट पाहत होती. आमचे चेहरे पाहून तिने एकच शब्द विचारला.

"भाचा?"

"भाचा."

ती उठली आणि शेजारच्या कंडक्टरकडे बारामतीच्या पहिल्या एसटीची वेळ विचारायला गेली. आईने ट्रंक उघडली. मी खिळे शोधायला पिशवीत हात घातला आणि भिंतीकडे पाहिलं. घरातले सगळे हुक, सगळे स्क्रू मी आठवड्यापूर्वीच काढून डब्यात भरले होते. फोटोंचे ते दोन खिळे मात्र भिंतीतच होते. ते का काढले नाहीत, मला सांगता येणार नाही.

आईने पदराने काच पुसली आणि फोटो माझ्या हातात दिला.