बुटांची तोंडं

सादेतताई, म्हणजे माझी नणंद, टोरांटोहून ताश्कंदला लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. विमान इस्तंबूलला सकाळी उतरणार आणि पुढचं रात्री उशिरा सुटणार. मधला अख्खा दिवस मोकळा. सासूबाई गेल्यापासून ती या शहरात आलीच नव्हती, त्यामुळे भावाबहिणीची भेट या एका दिवसात बसवायची होती.

माझ्या नवऱ्यानं, तुर्गुतनं, आठवडाभर आधीच बेत आखला. विमानतळावरून मेट्रोनं शहरात, मग बोटीनं पलीकडच्या काठावर, मग परत, मग मनोरा, मग पुलाखाली मासे, मग थेट विमानतळ.

"बाईला श्वास कधी घेऊ देणार आहेस?" मी विचारलं.

"दिवस सार्थकी लागला पाहिजे. नाहीतर विमानतळावर खुर्चीत बसून पाय सुजतील तिचे."

"घरी आण की. चहा पिईल, लवंडेल घटकाभर. बहीण आहे तुझी, पर्यटक नाही."

मी जास्त ताणलं नाही, कारण घर त्या बेतात का नव्हतं ते मला चांगलं माहीत होतं.

तुर्गुतचा छापखाना बुडाला तेव्हा आम्ही या इमारतीत रखवालदारीला आलो. सकाळी घरोघरी पाव आणि वर्तमानपत्रं पोचवायची, जिने पुसायचे, बॉयलर बघायचा, संध्याकाळी मजल्यामजल्यावरचा कचरा गोळा करायचा. राहायला बॉयलरच्या खोलीला लागून दोन खोल्या. आमच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. ताईला मात्र फोनवर यानं सांगितलं होतं की चांगल्या वस्तीत घर घेतलंय, बागेच्या मजल्यावर. इथले दलाल तळघराला बागेचा मजला म्हणतात, तेव्हा शब्द म्हणून ते खोटं नव्हतं. या कामाची लाज मला कधीच वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटायची ती त्या फोनची. तो थापा मारायचा आणि मी शेजारी बसून ओरडायची, "ताई, या ना एकदा आमची बाग बघायला."

ठरल्या दिवशी ताई आली. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली, पायात तपकिरी नाडीचे जाड बूट. तुर्गुतला तिनं असं घट्ट धरलं की तिची पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली तरी तिला कळलं नाही. लग्नाचा कोट घातलेला माझा नवरा तिच्या खांद्यावर तोंड दाबून उभा होता. मला वाटलं, आता सांगून टाकेल. पण त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "चल ताई, बोट चुकेल."

बोटीवर त्याची टकळी जी सुरू झाली ती थांबेना. हा पूल, तो राजवाडा, इकडे बघ, तिकडे बघ. ताई तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे करून सीगल पक्ष्यांना नाही, स्वतःच्याच तोंडात टाकत होती आणि बघत होती त्याच्याकडेच. परत आल्यावर मनोऱ्याच्या रांगेत मात्र ती थांबली.

"तुर्गुत, मी याच शहरात जन्मले. हा मनोरा मला शाळेनं दाखवलाय आणि तेव्हाही मला कंटाळा आला होता. मला घरी ने."

"घर लांब आहे, ताई."

"मी टोरांटोहून आलेय."

"लिफ्ट बंद आहे आमची."

"बागेच्या मजल्याला लिफ्ट कशाला लागते रे?"

मी हसू दाबायला तोंड फिरवलं. तुर्गुतनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू लिफ्ट मीच बंद पाडली होती. पण बहिणीला नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

आम्ही घरी आलो. इमारतीच्या दारातून तो आमच्या पुढे पुढे धावला आणि वाटेतली बादली न् झाडू बॉयलरच्या खोलीत ढकलून दार लावून घेतलं. ताईनं आमच्या उंबऱ्याशी बूट काढले, मी तिला सपाता दिल्या. बूट तिनं काढले तसे आतल्या बाजूला तोंड करून राहिले.

या बुटांबद्दल आधी सांगायला हवं. मी, नाझिफे, काळ्या समुद्राकडची, गिरेसुनची. आमच्याकडे पाहुणा आत गेला की घरातल्या पोरीबाळी त्याचे बूट दाराकडे तोंड करून जोडीनं लावून ठेवतात, म्हणजे निघताना त्याला सरळ पाय घालता येतात. तो मान असतो. सासरी वेगळं. सासूबाईंचे वडील दर्वेशांच्या मठात वाढलेले, आणि तिथला नियम असा की पाहुण्याचे बूट फिरवायचे म्हणजे त्याला सांगायचं, ऊठ, जा, आणि परत येऊ नकोस. मी नवी नवरी असताना एकदा घरी आलेल्या सगळ्यांचे बूट मोठ्या हौसेनं फिरवून ठेवले. सासूबाईंचा चेहरा पाहून काहीतरी भलतंच केलंय हे मला कळलं. तेव्हा ताई पुढे झाली आणि म्हणाली, "आई, मी फिरवले. गंमत म्हणून." सगळ्यांदेखत बोलणी तिनं खाल्ली. त्यानंतर आमच्या घरात कुणाचे बूट कुणी फिरवले नव्हते.

मी चहा टाकला. पालक भरून केलेलं बोरेक होतं, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात होता. ताई मांडी घालून दिवाणावर बसली आणि सासूबाई खायच्या तशी, बोटं चाटत जेवली. खिडकीतून पाय जात येत होते. एक पोर वाकून आत डोकावलं आणि जीभ दाखवून पळालं. ताई हसली. तुर्गुत उठून पडदा ओढायला लागला तर म्हणाली, "राहू दे रे, करमणूक होतेय."

तेवढ्यात दाराजवळचा फोन वाजला, इमारतीतल्या घराघरांत असतो तो. त्याचा आवाज मोठा आहे, कानाला लावला तरी खोलीभर ऐकू येतं. "तुर्गुत एफेंदी," वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "जरा वर येऊन जा."

"येतो हं," तो म्हणाला, फोन ठेवला आणि आमच्याकडे वळला. "शेजारीण आहे. मीठ हवंय तिला."

ताईनं चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, बाळाला अजून वेळ आहे. तिकीट बदलून मिळतं, मी विचारलंय. चार दिवस राहिले तर चालेल का? तुमची अडचण होणार नसेल तर."

मला इतका आनंद झाला की माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मी तिचा पेला भरायला उठलेसुद्धा. तुर्गुतनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार दिवस म्हणजे चार सकाळी पाव आणि चार संध्याकाळी कचरा.

"हो, म्हणजे, का नाही," तो म्हणाला. "आलोच मी." आणि बाहेरच्या खोलीत गेला.

मी तबक हातात धरून ताईसमोर उभी होते. दार अर्धवट उघडं होतं. तिथून मला दिसलं, माझा नवरा खाली वाकला. त्यानं बहिणीचे तपकिरी बूट उचलले, दाराकडे फिरवले आणि टाचा नीट जुळवून ठेवले. त्याच्या हातांना अजिबात घाई नव्हती. मग तो सरळ झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस तोंडानं खोटं बोलतो ते मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं, पण हे त्यानं न बोलता केलं होतं, आणि तेही आईची भाषा वापरून.

ताई हात धुवायला उठली. बाहेरच्या खोलीत गेली आणि थबकली. मी मागोमाग धावले. ती बुटांकडे बघत होती. मग तिनं तुर्गुतकडे पाहिलं, आणि तुर्गुत स्वतःच्या सपातांकडे बघत होता.

"ताई, माझ्यानं झालं ते," मी म्हणाले. "गिरेसुनची सवय. जात नाही मेली."

मी वाट पाहिली. त्यानं एक शब्द बोलायचा होता फक्त. 'नाझिफेनं नाही, मी फिरवले,' एवढंच. तो बोलला नाही.

"हो गं," ताई म्हणाली. "गिरेसुनचीच सवय." तिनं हात धुतलेच नाहीत. खाली बसून बूट चढवायला लागली. "निघते मी. रात्री विमानतळावर फार गर्दी असते म्हणे."

"राहते म्हणत होतीस ना," तुर्गुत पुटपुटला.

"लेक एकटी आहे रे तिकडे. असंच आलं मनात."

तो तिला विमानतळावर सोडायलासुद्धा आला नाही. कचऱ्याची वेळ झाली होती. म्हणाला, बॉयलरवाला येणार आहे, नाझिफे येईल तुझ्याबरोबर. कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत आला, तिला मिठी मारली, आणि बस सुटायच्या आतच वळून भराभरा चालायला लागला. ताई काचेतून त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

विमानतळावर तपासणीच्या रांगेपाशी तिनं माझे दोन्ही हात धरले.

"तेव्हा मी तुझे बूट माझ्या अंगावर घेतले होते. आज तू परतफेड केलीस."

"ताई, मी खरंच..."

"तुझ्या हातात चहाचं तबक होतं, नाझिफे. तू माझ्यासमोरून हललीच नव्हतीस."

माझी मान वर होईना. शेवटी मीच म्हणाले, "त्याला तुम्ही नको होता असं नाही. त्याचं काम..."

"काम कळलंय मला. शेजारीण मीठ मागायला एफेंदी म्हणत नाही. शेजाऱ्याला बे म्हणतात. एफेंदी म्हणतात ते रखवालदाराला." ती थोडंसं हसली. "एवढी वर्षं परदेशात राहिले म्हणून का एवढंही विसरेन? ते ऐकलं म्हणूनच तर मी चार दिवसांचं काढलं. म्हटलं, राहावं. एका सकाळी त्याच्याबरोबर पाव वाटत जिने चढावेत, म्हणजे त्याला सांगावंच लागणार नाही." मग तिनं माझे हात सोडले. "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल."

मी परत आले तेव्हा अंधार पडला होता. तुर्गुत जिन्यात सापडला, हातात रबरी मोजे, शेजारी मोठा डबा. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"बसली ना नीट? कळलं नाही ना काही तिला?"

"कामाचं?" मी म्हणाले. शब्द दिला होता मी. "कामाचं ती काही बोलली नाही."

"बघ. म्हणालो नव्हतो? दिवस छान गेला. सार्थकी लागला."

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. कामाचा शब्द दिला होता, बुटांचा नव्हता.

"बूट तू फिरवलेस ते कळलंय तिला," मी म्हणाले. "भाऊ आपल्याला हाकलतोय, एवढं घेऊन गेली ती. का हाकलतोय, ते तू सांगायचं होतंस."

तो पायरीवर बसला. मोजे काढायचा प्रयत्न केला, ते निघेनात, तर मोजे घातलेल्या हातानंच खिशातला फोन काढून माझ्याकडे दिला. मी नंबर लावून त्याच्या कानाशी धरला. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवून पुन्हा लावून घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "मी तुर्गुत. मी जिन्यात आहे. कचरा गोळा करतोय." मग बराच वेळ तो नुसतं ऐकत होता. कोपरानं नाक पुसत होता. शेवटी म्हणाला, "नाही, नाझिफेनं नाही. मीच फिरवले."

मी फोन त्याच्या कान आणि खांद्याच्या मध्ये अडकवला, डबा उचलला आणि वरच्या मजल्यावर गेले, कारण ती पिशवी कुणीतरी उचलायलाच हवी होती.