पाक वर्सितोंचा गाजलेला लेख

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, नमाज आटोपून मंडळी परतली की, विद्यापीठात बू लेस्तियानींच्या, म्हणजे लेस्तियानी मॅडमच्या, खोलीत भिशी भरायची. पैशांची नव्हे, सायटेशनांची. बरणीतून चिठ्ठी निघे, आणि जिचं वा ज्याचं नाव निघेल त्याच्या लेखाचा संदर्भ उरलेल्या अकरा जणांनी आपापल्या पुढच्या लेखात द्यायचा. मग तो लेख मत्स्यपालनावर असो की बालशिक्षणावर. जागा सापडायचीच.

पाक वर्सितो, म्हणजे वर्सितो सर, संख्याशास्त्राचे. वय चौसष्ट. प्रोफेसर झाले तर नोकरी सत्तरीपर्यंत, नाहीतर पुढच्या वर्षी घरी. एकतीस वर्षांच्या संशोधनात त्यांचा एकच लेख चालला होता: काली वरास नदीचं पाणी जास्तीत जास्त किती चढेल, यावरचा. एकशे अठ्ठावीस सायटेशनं. त्यातल्या चौघांनी तो वाचलाही असावा.

जिल्हा कचेरीनं मात्र नुसतं सायटेशन बघितलं. नदीवरच्या लेखांत हाच सगळ्यांत वर, म्हणजे हाच खरा. त्यातल्या पूररेषेच्या हातभर वर नव्वद घरांची वसाहत उभी राहिली.

बढतीच्या फायलीला ‘प्रत्यक्ष क्षेत्रात काम करताना’ असा फोटो हवा होता, म्हणून ज्याच्या नोंदींवर लेख उभा होता, त्या पर्जन्यमापकाशी वर्सितो आयुष्यात पहिल्यांदा गेले. तिथला नोंदी ठेवणारा सर्मिन. पिकलेलं वय, सगळे त्याला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत.

“तीस वर्षं न चुकता नोंद ठेवलीत, म्बाह. कमाल आहे,” वर्सितो म्हणाले.

“न चुकता कसली! मोठ्या पावसात ओढ्यावरचा बांबूचा पूल बुडायचा. माप बघायला जाणार कुठून? तो चौकोन कोरा सोडायचो. मनचा आकडा घालायचा नाही, असं आमच्या जुन्या साहेबांनी बजावलं होतं.”

वर्सितोंच्या चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू होतं, ते तसंच राहिलं. कोऱ्या चौकोनांत त्यांनी शून्य भरलं होतं. म्हणजे जेवढा पाऊस दांडगा, तेवढा तो दिवस त्यांच्या लेखात कोरडा ठणठणीत.

“नव्या वसाहतीत माझ्या लेकीला घर मिळालं,” म्बाह म्हणाला. “तुमच्याच कागदावरून, म्हणतात. चहा घेणार ना?”

घरी येऊन त्यांनी गणित पुन्हा मांडलं. पाणी दर दहाएक वर्षांनी त्या घरांच्या खिडक्यांपर्यंत येणार होतं. त्यांनी दोन पानी दुरुस्ती लिहिली. इतकं चोख त्यांनी आजवर काही लिहिलं नव्हतं. ती घेऊन ते बू लेस्तियानींकडे गेले.

“पाक, हे पाठवलंत की लेख मागे घेतील.”

“घेतील.”

“लेख गेला की सायटेशनं गेली. प्रोफेसरकी गेली. शिवाय आम्हा अकरा जणांच्या लेखांखाली तुमचा मेलेला लेख. चौकशी लागली तर थेट बरणीपर्यंत येईल.”

“नव्वद घरं आहेत हो तिथे.”

“घरं काय पळून चाललीत? तुमचा प्रोफेसरकीचा समारंभ वीस तारखेला. एकवीसला पाठवा, कोण अडवतंय? हे तळलेलं तेम्पे घ्या, गार होतंय.”

“तोवर पाणी आलं तर?”

“संख्याशास्त्रज्ञ तुम्ही. काढा की शक्यता.”

त्यांनी काढली. तीन आठवड्यांसाठी, हजारात सहा. शंभरात पाचाच्या खालचं मनावर घेऊ नये, असं त्यांनी विद्यार्थ्यांच्या तीस तुकड्यांना शिकवलं होतं. कचेरीला नुसता फोन केला असता तरी भागलं असतं. पण कचेरीनं कारण विचारलं असतं.

पाणी सोळा तारखेला आलं. सतरा माणसं गेली. त्यात म्बाहची लेक होती.

वीस तारखेला सभागृहात आधी दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग वर्सितोंच्या खांद्यांवर झगा चढला. एकवीसला, ठरल्याप्रमाणे, त्यांनी दुरुस्ती पाठवली. संपादकांचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं: लेख मागे घेण्याची गरज नाही, दुरुस्ती स्वतंत्र छापू. ती छापून आली आणि तिच्यात मूळ लेखाचा उल्लेख असल्यानं तेही एक सायटेशन धरलं गेलं. पुरावर लिहिणाऱ्यांची तर रीघच लागली. वर्षअखेर आकडा दोनशे तीन झाला. बू लेस्तियानींनी केक आणला.

त्यानंतर एका दुपारी वर्सितो म्बाहकडे गेले. काय सांगायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. म्बाहनं बसायला बाकडं पुसलं.

“बरं झालं आलात, पाक. मलाच यायचं होतं तुमच्याकडे. कचेरीतला साहेब सांगून गेला, पावसाच्या नोंदीच अपुऱ्या होत्या म्हणून. चुकलंच माझं. पोहून जायला हवं होतं. तेव्हा तरणा होतो, जमलं असतं. तुमच्या एवढ्या शिक्षणावर माझ्यापायी डाग लागला.”

वर्सितोंनी तोंड उघडलं. म्बाह मान खाली घालून थांबला होता, निकाल ऐकायला उभा असल्यासारखा.

“असू द्या, म्बाह,” प्रोफेसर वर्सितो म्हणाले. “होतं असं.”

म्बाहनं त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.