कण्हेर काढा

बाबांचा खोकला पंधरा दिवस हटेना, म्हणून सुनेने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि तिचं लिहिणंही दुकानातल्यासारखंच, एक अक्षर जास्त नाही. ‘सकाळी आलं काढा. दुपारी गोळी, जेवून. संध्याकाळी ज्येष्ठमध काढा.’ आणि अगदी खाली, निघता निघता लिहिलेली एक ओळ: ‘कण्हेर काढा. आजच.’

ही शेवटची ओळ लिहायला तिला आठवडा लागला होता. गच्चीवरची कण्हेर म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पाण्याच्या बाटलीत ठेवलेल्या तिच्या फांदीला मुळं फुटली का ते रोज डोळ्याला भिंग लावून बघायचा. ती फांदी जुन्या पिंपात लावली आणि तीन वर्षांत डोक्याच्या वर गेली, गुलाबी फुलांनी लगडली. येईल त्याला बाबा ऐकवायचे, “मूळची भूमध्य समुद्राकाठची बरं का! आमच्या आजीने हिच्या पानांचं तेल लावून अख्ख्या गल्लीची खरूज घालवली होती.”

सून मनातल्या मनात कपाळाला हात लावायची. बाहेरून लावलं ते लावलं. पोटात गेली तर हीच कण्हेर काळीज बंद पाडते, हे तिला ठाऊक होतं. त्यात तिची लेक छकुली रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात. पण सांगायचं कोणी? लग्न होऊन सात वर्षं झाली, बाबा सारखे विनवायचे, “अगं, अहो-जाहो काय करतेस? बापाला तू म्हण.” तिची जीभ वळायची नाही. ज्या माणसाला साधं तू म्हणवत नाही, त्याला झाड उपटायला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून चिठ्ठी.

दुपारी छकुलीला पाळणाघरातून घेऊन ती घरात शिरली, तर स्वयंपाकघरात उग्र वास. शेगडीवर पातेलं, तळाशी लांबट, जाडसर पानं. बाबा खुर्चीत बसले होते. ओठ पांढरे, बोटं स्वतःच्याच मनगटावर.

“कडूजहर होतं गं,” ते हसून म्हणाले. “पण पटली ना शेवटी तुला माझी कण्हेर? औषधात घेतलीस! आजच म्हणून लिहिलंस, म्हटलं आजच घेऊ.” मग मनगटाकडे बघत म्हणाले, “फक्त हे आतलं घड्याळ जरा मागे पडतंय.”

तिला क्षणभर काही कळेचना. मग नजर चिठ्ठीवर गेली. आलं काढा. ज्येष्ठमध काढा. कण्हेर काढा. तिच्याच हातचं, तिच्याच अक्षरात.

“किती प्यायलास?” ती किंचाळली. छकुली दचकून रडायला लागली. “बोल ना! किती प्यायलास तू?”

“अर्धा पेला,” बाबा म्हणाले आणि तिच्याकडे बघतच राहिले.

दवाखान्यात नाडी भरली अडतीस. तिने सोबत आणलेल्या पातेल्यातलं पान डॉक्टरांनी उचलून पाहिलं. “हे यांना कोणी दिलं?”

“मी लिहून दिलं,” ती म्हणाली. डॉक्टर तिच्या गळ्यातल्या औषधदुकानाच्या ओळखपत्राकडे बघत राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. तीन दिवस ती खाटेजवळच्या पडद्यावर वरखाली होणारी रेघ बघत बसली. पाणी प्यायला उठायचंही तिला भय वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी नाडी साठावर आली. बाबा उशीला टेकून बसले, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. विषापेक्षा हा घाव त्यांना जास्त लागलेला दिसत होता.

“म्हणजे उपटायची होती?”

तिने मान हलवली. डोळ्यांना धार लागली होती.

“वेडे,” ते हळूच म्हणाले, “तू मला तू म्हणत असतीस ना, तर ‘काढ’ लिहिलं असतंस. मग मी कशाला उकळत बसलो असतो?” त्यांनी तिचा हात धरला. “आता चिठ्ठी नको. तोंडाने सांग.”

तिने पदराने डोळे पुसले.

“बाबा, ती कण्हेर काढ.”

“काढतो,” बाबा म्हणाले.