काठ पुसू नका

मित्रांनो, मी एक जुना पितळी प्याला आहे. घोडेगावजवळच्या एका खेड्यात लहानसे चर्च आहे, तिथल्या कपाटात मी राहतो. नगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. माझा काठ जरा वाकडा आहे. पण याच काठाचा मला अभिमान आहे.

प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब माझ्यात द्राक्षाचा रस ओततात. मंडळी बाकावर बसल्या जागी एकेक घोट घेते. एक बाक झाला की पाळकसाहेब पांढऱ्या रुमालाने माझा काठ पुसतात आणि पुढच्या बाकाकडे वळतात. ही इथली रीत.

आमची मंडळी महारवाड्यातली. त्यांच्या आज्या-पणज्यांना गावात कोणी भांडे देत नसे. त्यांनी ओंजळ धरायची आणि वरून ओतलेले पाणी प्यायचे. चारचौघांत त्यांनी पहिल्यांदा ज्या भांड्याला ओठ लावले, ते भांडे मी. सांगा, मी का मिरवू नये?

मला घासायचे काम लंकाबाईचे. बाहेरून चिंच, आतून नुसते कोमट पाणी. रशीद कल्हईवाला आला की ती त्याच्यापुढे ठाण मांडून बसे. "रशीदभाई, आरशागत चकाकला पायजे." रशीद म्हणे, "भाभी, मग यात तोंड बघत बसाल, प्यायचं राहून जाईल."

बहात्तरच्या दुष्काळात मांगवाड्यातल्या दगडाबाईने बाप्तिस्मा घेतला. मंडळीत कुजबुज सुरू झाली. ज्यांनी शिवाशीव सोसली, तेच आता तिच्या मागून प्यायला तयार होईनात. लंकाबाईचा नवरा गोरक्ष मंडळीचा पंच. त्याने घोडेगावच्या बाजारातून स्टीलचा नवा ग्लास आणला.

"तिला यातून द्या," तो पाळकसाहेबांना म्हणाला. "रस तोच हाय. न्हाईतर निम्मी मानसं उठून जातील."

"अन् प्याल्याचं काय?"

"प्याला आमचा हाय."

"प्याला प्रभूचा आहे, गोरक्ष."

त्या रविवारी पाळकसाहेब मंडळीपुढे म्हणाले, "गोऱ्या लोकांनी हातात बायबल घेऊन काळ्या माणसांना गुलाम केलं. देवळातसुद्धा त्यांना मागं बसवलं. आपण म्हणतो, ते पाप होतं. मग आपल्या मेजावर दुसरा ग्लास ठेवला, तर ते काय होईल? ही मंडळी जात मानणार नाही. प्याला एकच राहील."

त्यांनी दगडाबाईला बायकांच्या पहिल्या बाकावर, लंकाबाईच्या शेजारी बसवले होते. त्या वर्षी द्राक्षे कुठली! लंकाबाईने मनुका भिजवून रस काढला होता. दगडाबाई माझ्यातून प्याली.

आणि मग चूक झाली. बाक अजून संपला नव्हता, तरी पाळकसाहेबांचा हात रुमालाकडे गेला आणि त्यांनी माझा काठ पुसला. आत्ताच एवढे बोललेला माणूस! सगळ्यांनी पाहिले. दगडाबाईने मान खाली घातली आणि उठण्यासाठी पदर सावरला. तेव्हा ती उठली असती, तर परत कधी आली नसती.

लंकाबाईने तिचा हात धरून तिला खाली बसवले.

"पाळकसाहेब, बाकाच्या मधीच काठ कसा पुसला वो? माझ्या मागं कवा न्हाई पुसला."

पाळकसाहेबांचे तोंड उतरले. "चुकलं, बाई."

"दुष्काळी कामावर खडी फोडताना मला भोवळ आली, तवा हिच्याच गाडग्यातलं पानी प्याले मी. तवा कोन रुमाल घिऊन आलं हुतं?" ती दगडाबाईकडे वळली. "दगडे, पुन्ना पी. मग मला दे."

दगडाबाई पुन्हा प्याली. तिचे ओठ जिथे लागले होते, तिथेच लंकाबाईने आपले ओठ लावले.

पाळकसाहेबांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मी पुरुषांच्या बाकाकडे गेलो. पहिलाच गोरक्ष. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि घोट घेतला. त्याच्यामागे सगळा बाक प्यायला. उठून कोणी गेले नाही.

तो स्टीलचा ग्लास लंकाबाईने घरी नेला. दगडाबाई आली की दोघी कपातून चहा पीत आणि लंकाबाई गोरक्षला मुद्दाम त्या ग्लासात देई. "घ्या, तुमचाच हाय," म्हणे. तो हसून पिई.

मागच्या थंडीत लंकाबाई गेली. आता गोरक्ष मला घासतो. त्याला नीट जमत नाही, नक्षीच्या खाचेत चिंच तशीच राहते. तो घरी तिच्याशी बोलत असे, तसा आता माझ्याशी बोलतो. "आतून कोमट पानीच ना गं?" असे विचारतो आणि थांबतो. शेवटी तो माझ्या काठावरून बोट फिरवतो. तिथे तिचे ओठ लागले होते, हे त्याला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी-दारी माझ्यासारखी जुनी भांडी असतील. त्यांना घासा, कल्हई करा, जपा. पण कोण प्यायले ते बघून कधी त्यांचा काठ पुसू नका.