आग्रहाचा गृहपाठ

भिंगरी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आली त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि या पंधरा दिवसांत घरच्या कुणाच्या हातून तिला घोटभर पाणी मिळालं नव्हतं. तहान लागली की ती मुकाट्यानं न्हाणीघरात जायची आणि नळाखाली ओंजळ धरायची.

केंद्रात तीन महिने राहून दारू सुटलेल्या पोरांसाठी, ती बाहेर आल्यावर, 'पाठराखण' नावाचा वर्ग असे. बुधवारी दुपारी चार वाजता, एका मोटार ड्रायव्हिंग शाळेच्या मागच्या खोलीत. भिंतीवर 'पुढे वळण आहे', 'हॉर्न वाजवू नका' असले तक्ते आणि त्यांच्याखाली बाकावर सोळा-सतरा वर्षांची सहा पोरं. समुपदेशक बाईंचं म्हणणं असं, की नको म्हणायला आम्ही पोरांना शिकवलंय. पण बाहेरच्या जगात आग्रह करणारे पावलोपावली भेटतात, तेव्हा घरच्यांनी दिवसातून पाच वेळा पाण्याचा पेला दारू म्हणून पुढे करायचा, मनापासून आग्रह करायचा, पोरानं नाकारायचा, की घरी दिलेल्या तक्त्यात सही आणि आग्रह कसा झाला त्याची नोंद. पेला समोर आला की नकोच म्हणायचं, हे भिंगरीनं इतकं मनावर घेतलं की जेवतानाही ती पाण्याला हात लावेना.

म्हणजे पोरगी पास होती. नापास होत होते घरचे. पहिल्या आठवड्याचा तक्ता परत आला तो लाल शाईत 'आग्रह कच्चा' असा शेरा घेऊन. दुसऱ्या आठवड्यात 'आग्रह फारच कच्चा', आणि खाली एक ओळ: येत्या बुधवारी घरच्यांची परीक्षा, सुधारणा नसेल तर घर तयार नाही असं समजून मुलीला आणखी तीन महिने केंद्रात ठेवावं लागेल. भिंगरीची वार्षिक परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. गेलं वर्ष आधीच वाया गेलेलं.

आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासायची. दिवसभराची सवय जाते कुठे? पेला पुढे करून ती विचारायची, "हा बरा वाटतोय, की मघाचा?" आत्याचा आग्रह दांडगा, नुसत्या गळ घालण्यानं ती दगडाला पाझर फोडील, पण भिंगरीचा हात जरा हलला की ती घाबरून पेला ओढून घ्यायची आणि स्वतःच गटागटा पिऊन टाकायची. आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. सातव्या मजल्याच्या पोकळीत एका हातानं लोंबकळत दुसऱ्या हातानं नट पिळणारा माणूस, पण पेला धरला की हात लटपटायचे. पेला टेबलावर ठेवून भिंतीकडे बघत म्हणायचे, घ्यायचं तर घे, नाहीतर राहू दे. मग सही करून फ्यूज तपासायला पळायचे.

शेवटी आईनं खालच्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांना साकडं घातलं. त्यांनी एकदा एका पोपटाचा विमा उतरवला होता, अशी ख्याती. रविवारी सकाळपासून त्यांनी स्वयंपाकघरात बाबांची शिकवणी घेतली. गिऱ्हाइकाला विचार करू द्यायचा नाही. डोळ्यांत डोळे घालायचे. घरच्यांचा विषय काढायचा. संध्याकाळपर्यंत आत्यानं दोन पॉलिसी घेतल्या होत्या आणि बाबा होते तिथंच होते. भिंगरीच त्यांना शिकवायला लागली. "बाबा, खांद्यावर हात टाका. तुम्ही मला जुलाबाचं औषध देताय असं वाटतंय."

आई दारात उभी राहून बघत होती. ज्या पोरीला सोडवायला रक्ताचं पाणी केलं, तीच बापाला फूस कशी लावायची ते शिकवत होती, आणि आईच्या मनात एकच धावा: देवा, याला एवढं जमू दे.

बुधवार उजाडला. वर्गात बाईंनी आईला काठावर पास केलं. आत्या स्वतःच्या उजव्या हातावर बसली, डाव्यानं पेला पुढे केला आणि चांगल्या मार्कांनी सुटली. मग बाबा उठले. पेला हातात, तोंडाला कुलूप. विमावाले काका दारातून खुणा करून करून दमले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"बाबा," भिंगरी हळूच म्हणाली, "मला परत नाही जायचंय. नीट करा ना."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. आणि आवाज निघाला तो वेगळाच, हलका, लाडिक, अगदी मुरलेला.

"घे गं राणी. बापाबरोबर एक घोट घेतला तर काही होत नाही. आईला नाही सांगायचं आपण."

काकांची खूण हवेतच राहिली. हे काही त्यांनी शिकवलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य आईच्या कानात उशिरा शिरलं.

"कधी?" तिनं विचारलं.

भिंगरीच बोलली. "आठवीच्या निकालाला. गच्चीवर." मग पेल्याकडे बघून म्हणाली, "नको, बाबा."

बाई नियमाला पक्क्या. आग्रह तीनदा व्हायला हवा, म्हणाल्या. दुसऱ्यांदा बाबांचा आवाज चिरकला. नको. तिसऱ्यांदा नुसतेच ओठ हलले.

"नको. आणि ठेवा तो खाली आता, हात दुखेल."

बाईंनी 'आग्रह उत्तम, मुलगी घरीच राहील' असं लिहून शिक्का मारला. हा शेरा आजवर एकाही घराला मिळाला नव्हता. मग त्यांनी आवाज खाली आणून बाबांना विचारलं, तुम्ही स्वतः घेता का? शनिवारी, बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, बाकीच्या वारीही.

बाईंनी कोरा फॉर्म काढला, पण वयाचा रकाना एकोणीसच्या पुढे छापलेलाच नव्हता. बाबा चव्वेचाळीसचे. बाईंनी थोडा विचार करून एकोणीसवर खूण केली. आत्या म्हणाली, बरोबर आहे, त्याचं तेवढंच आहे.

"घरी यांना रोज आग्रह कोण करील?" बाईंनी विचारलं.

खोलीतले सगळे आईकडे बघायला लागले. आई बराच वेळ 'पुढे वळण आहे' या तक्त्याकडे बघत राहिली.

"मी करीन," ती म्हणाली. "पण उद्यापासून. आज माझ्या हातात पेला देऊ नका."

भिंगरीनं बाकावर सरकून जागा केली. बाबा पोरांच्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले, आणि बाईंनी पुढच्या घराला आत बोलावलं.