तिसऱ्या बटणातली मामी

मी हसते. तोच माझा धंदा. टीव्हीवर विनोद झाला की घरबसल्या तुम्हाला जो हशा ऐकू येतो, तो माझा. तुम्हाला वाटतं समोर माणसं बसलीत. कसली माणसं! रिकाम्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामागे टेबलावर मी, चार बटणांची लोखंडी पेटी. एकेका बटणामागे टेपेचा एकेक तुकडा. दाबलं की खिदळते, सोडलं की गप्प.

हसू मात्र खरं आहे. मामांच्या पहिल्या कार्यक्रमाला खरी माणसं बोलावली होती, तेव्हा ते भरून घेतलं. मामा म्हणजे आमचे विनोदी नट. लहानथोर सगळ्यांचे मामाच. पुढच्या रांगेत त्यांची बायको, मामी, बसली होती. माइक नेमका तिच्या डोक्यावर. बाई अशी हसली की बाकीचे ऐकूच येईनात. ती माझ्या तिसऱ्या बटणात बसली ती कायमची.

पुढे मामी वारली. चौथ्या दिवशी मामा कामावर हजर. लोक म्हणाले, काय दगडाचं काळीज! लोकांचं बोलायला काय जातं? आवाज सांभाळणाऱ्या ताईला खरं कळलं होतं. मामा वाक्य टाकायचे आणि खुर्च्यांकडे बघत थांबायचे. ताई तिसरं बटण दाबायची. मामी हसायची. मगच मामा पुढचं बोलायचे. अकरा वर्षं त्या दोघांनी असा संसार केला.

मग कंपनीच्या साहेबांनी मामांना निवृत्त केलं. गुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"घड्याळ राहू द्या तुम्हालाच," मामा म्हणाले. "मला ती टेप द्या."

"मामा, पेटी कंपनीची आहे. कार्यक्रम चालूच राहणार. फक्त तुम्ही जाताय."

मामांच्या जागी त्यांचाच चेला आला. पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने मामांची नक्कल केली. वाकून चालला, वाक्य विसरल्याचं सोंग केलं, बोळक्या तोंडाने बडबडला. साहेबांनी खूण केली. पोट ताईलाही होतं. तिने तिसरं बटण दाबलं आणि मी मामीच्या गळ्याने तिच्याच नवऱ्याला हसले. मला थांबता येत नाही हो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मामा आले. माझ्यासमोर बसले. मागून ताई आली.

"मामा, काय करताय?"

"पुसतोय तिला. माझ्यावर हसवतात तिला, हरामखोर!"

"पुसली की परत नाही मिळायची."

"माहीत आहे गं. तू जेव जा."

पुसायचं म्हणजे हशावर शांतता भरायची. माइक उघडा ठेवून चाळीस सेकंद गप्प बसायचं. जन्मभर बोलून जगलेला माणूस तो. चाळीस सेकंद गप्प बसतोय कसला!

संध्याकाळी कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. चेल्याने नक्कल केली आणि हशासाठी थांबला. ताईने तिसरं बटण दाबलं. घराघरात मामांचा आवाज गेला, अगदी हळू: "हसू नकोस गं. तो मी नाही. ऊठ त्या खुर्चीतून. घरी चल."

चेल्याने पुढच्या रांगेकडे पाहिलं. त्याच्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. खुर्च्या दिसल्या की त्याची बोबडी वळायची. महिन्याभरात कार्यक्रम बंद पडला, साहेबांची उचलबांगडी झाली. मामा जिंकले.

मला अडगळीत टाकलं. तिथे मामा आले. ताईला म्हणाले, "टेपेच्या टोकाला कुठे राहिलीय का बघ ना. थोडीशी."

ताईने तीनदा ऐकून पाहिलं. "नाही, मामा."

तेव्हापासून ते रोज येतात. बटणाला हात लावत नाहीत. माझ्या थंड पत्र्याला कान लावून बसतात, जेवणाचा डबा उघडायचंही विसरतात.

बायाबापड्यांनो, माझं एवढं ऐका. मला फोडा, भट्टीत घाला, काहीही करा, पण त्या माणसाला माझ्यापासून उठवा. काल ते कान लावून बसले, डोळे मिटले आणि एकदम खुलून म्हणाले, "आत्ता कशी हसलीस!"

मी गप्प होते. देवाशप्पथ, मी गप्प होते.